यंत्राची राजभाषा

भाषा निवडली जाणे ही गोष्ट आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना नवी नाही. आमच्या वाडवडिलांच्या वतीने ती इतक्या वेळा निवडली गेली, की एकाच घराच्या दप्तरात पणजोबांचे खत मोडीत, आजोबांचा कागद उर्दूत आणि वडिलांचा सातबारा बाळबोधीत, असा प्रकार बीड जिल्ह्यात सहज आढळतो. हैदराबाद संस्थानचा कारभार पूर्वी फारसीत चाले. १८८४ साली फारसी मागे पडून उर्दू राजभाषा झाली. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेही उर्दू माध्यमाचे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी कारभाराची भाषा ठरली. शंभर वर्षांच्या आत एकाच तालुक्याची कचेरी तीन भाषा बोलली. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणाची तरी विद्या रातोरात जुनी झाली आणि कोणाची तरी एकाएकी कामाची ठरली.

या जुन्या कहाणीची आठवण होण्यास कारण आहे. आता गावोगावच्या शाळांतून संगणकाच्या खोल्या झाल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनाही संगणकाला आज्ञा लिहिण्याची, म्हणजे प्रोग्रामिंगची, ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. मग शिक्षकांच्या खोलीत चर्चा निघते, की ही आज्ञा लिहावयाची कोणत्या भाषेत? एक म्हणतो सी, दुसरा म्हणतो जावा, तिसरा म्हणतो पायथन. जो तो आपण शिकलेल्या भाषेची तरफदारी करतो, आणि सर्वांत चांगली भाषा कोणती यावर चहाचे दोन पेले गार होतात. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. दिवसा मुले शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु भाषा हा माझ्या दोन्ही उद्योगांचा कच्चा माल असल्यामुळे, यंत्रासाठी भाषा आजवर कोणी, कशा आणि का निवडल्या, हे पाहावे असे वाटू लागले. पाहता पाहता असे दिसून आले, की हा इतिहास आमच्या दप्तरातल्या इतिहासापेक्षा फारसा वेगळा नाही.

प्रथम, यंत्राची भाषा म्हणजे काय ते पाहू. आमच्या तेलगावला साखर कारखाना आहे, तेव्हा उदाहरण उसाचेच घेऊ. भरली गाडी काट्यावर चढते, तिचे वजन होते. ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. भरल्या वजनातून रिकामे वजन वजा केले, की शेतकऱ्याच्या पदरात पडणारे निव्वळ वजन निघते. चौथीतल्या पोराला जमणारी ही वजाबाकी संगणकाला मात्र नीट सांगावी लागते, कारण त्याच्या पोटात फक्त दोनच चिन्हे चालतात, एक आणि शून्य. आरंभीच्या काळात माणसे खरोखरच अशा आकड्यांच्या ओळी लिहून यंत्राला कामास लावीत. त्यात एक आकडा चुकला तर सारे मुसळ केरात. शिवाय प्रत्येक यंत्राची आकड्यांची बोली निराळी. एका यंत्रासाठी सहा महिने खपून लिहिलेले काम दुसऱ्या यंत्राला कवडीमोल. मग युक्ती निघाली ती अशी, की माणसाने आपल्याला वाचता येईल अशा ठरावीक शब्दांत लिहावे आणि मध्ये एक दुभाष्या बसवावा. त्याने ते लिखाण त्या त्या यंत्राच्या आकड्यांत उतरवून द्यावे. हा दुभाष्या म्हणजेही एक आज्ञावलीच. या ठरावीक शब्दांच्या नियमबद्ध संचाला संगणकभाषा असे म्हणतात.

अशी पहिली यशस्वी मोठी भाषा आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीत जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केली. १९५४ साली काम सुरू झाले आणि १९५७ साली ती गिऱ्हाइकांच्या हाती पडली. तिचे नाव फोर्ट्रान. सूत्रांचे भाषांतर करणारी, असा त्या नावाचा अर्थ. गणिती जशी समीकरणे लिहितात, जवळजवळ तशीच ती या भाषेत लिहिता येत. जुन्या जाणत्यांचा आक्षेप असा होता, की दुभाष्याने केलेले भाषांतर हाताने लिहिलेल्या आकड्यांइतके चपळ असणे शक्य नाही. बॅकसच्या मंडळींनी सारा जोर तेथेच लावला. दुभाष्या इतका हुशार बनविला, की आक्षेपाला जागाच राहिली नाही. शास्त्रज्ञ आणि इंजिनियर तिच्यावर तुटून पडले.

व्यापाऱ्यांची गरज मात्र निराळी होती. त्यांना समीकरणे सोडवावयाची नव्हती. पगारपत्रके, मालाच्या याद्या आणि बिले काढावयाची होती. १९५९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या इमारतीत, पेंटॅगॉनमध्ये, यंत्रे बनविणाऱ्या आणि वापरणाऱ्या मंडळींची बैठक भरली. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, व्यापारी कामासाठी त्या सर्वांवर चालणारी एकच भाषा असावी असे ठरले. तिचे नाव कोबोल. आरमारात अधिकारी असलेल्या ग्रेस हॉपर या विदुषीने आधी तयार केलेल्या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. हॉपरबाईंचा आग्रह असा, की हिशेबनीसाला समजेल अशा साध्या इंग्रजी वाक्यांत आज्ञा लिहिता आल्या पाहिजेत. १९६० च्या डिसेंबरात एकच कोबोल आज्ञावली दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली. विद्वानांनी कोबोलला नाके मुरडली. शब्दबंबाळ, पाल्हाळिक, कारकुनी, अशी विशेषणे तिला लाभली. परंतु बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांनी तिच्यात पाने भरभरून लिहिले. कारकुनी भाषेचे बळ कशात असते हे आम्हांला सांगावयास नको. ज्या भाषेत जमिनीचे कागद असतात ती भाषा कोणाला आवडो न आवडो, तिला जाणणारा माणूस गावात ठेवावाच लागतो.

याच सुमारास आपल्या मुंबईत काय चालले होते? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतः संगणक बांधावयास घेतला होता. त्याची लहान प्रायोगिक प्रतिकृती १९५६ मध्ये चालू झाली आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असे नाव दिले. हे यंत्र आपल्या लोकांनी बांधले हे केवढे तरी भूषण. परंतु त्याला कामे सांगावयाची ती त्याच्या स्वतःच्या बोलीत, आणि ती बोली जगात दुसरीकडे कोठेही चालत नव्हती. १९६४ साली याच संस्थेत सी.डी.सी. ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आले आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रान आले. फोर्ट्रान शिकलेल्या संशोधकाला आपले काम मुंबईहून उचलून परदेशच्या विद्यापीठात जसेच्या तसे नेता येत असे. यंत्र थोर की भाषा थोर, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी असे मिळाले, की यंत्र दहा वर्षांत भंगारात जाते आणि भाषा उरते.

युरोपातल्या पंडितांनी आणखी निराळा विचार केला. एका कंपनीची भाषा साऱ्या जगाने का घ्यावी? निर्मळ, तर्कशुद्ध आणि कोणाच्याही मालकीची नसलेली अशी भाषा का घडवू नये? १९६० च्या जानेवारीत पॅरिसला युरोप-अमेरिकेतले तेरा जण बसले आणि त्यांनी अल्गोल ही भाषा रेखून दिली. तिचे व्याकरण मांडण्यासाठी बॅकसने काढलेली आणि पीटर नाउरने सुधारलेली एक सूत्रपद्धती वापरण्यात आली. पुढे १९६७ साली एका अमेरिकन अभ्यासकाने असे दाखवून दिले, की अशा धर्तीची सूत्रे पाणिनीने कितीतरी शतके आधीच रचून ठेवली आहेत, तेव्हा या पद्धतीच्या नावात पाणिनीचेही नाव असावे. ही गोष्ट वाचून ऊर भरून येतो, यात नवल नाही. परंतु तिच्याआडून आपल्याकडे एक आवई मात्र उगीच पसरली आहे. संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असल्याचे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने ठरविले आहे, असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. मूळ गोष्ट एवढीच, की १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने एक लेख लिहिला आणि वाक्याचा अर्थ निःसंदिग्धपणे मांडण्याची संस्कृत वैयाकरणांची रीत संगणकशास्त्राला उपयोगी पडेल असे म्हटले. संगणकाला आज्ञा देण्यासाठी कोणी संस्कृत निवडलेली नाही. पाणिनीची थोरवी एवढी मोठी आहे, की तिला असल्या टेकूची गरज नाही.

अल्गोलचे पुढे काय झाले? जी गत देववाणीची तीच. पंडितांनी डोक्यावर घेतली, पुढच्या बहुतेक भाषांनी तिच्यापासून व्याकरण उचलले, पण बाजारात ती फारशी बोलली गेली नाही. तिच्या लेकीबाळी नांदल्या, ती स्वतः देव्हाऱ्यात राहिली.

आता या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण सांगतो. भाषा निवडण्यासाठी एवढी तयारी आणि एवढी चुरस दुसऱ्या कोणत्याही वेळी झाली नसेल.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या असे ध्यानात आले, की आपल्या विमानांत, जहाजांत आणि तोफखान्यांत बसविलेल्या संगणकांसाठी साडेचारशेहून अधिक भाषा आणि पोटभाषा वापरल्या जात आहेत. एका जहाजावरचा माणूस दुसऱ्या जहाजावर गेला तर तेथले लिखाण त्याला वाचता येईना. तेव्हा १९७५ साली एक समिती नेमण्यात आली. या समितीने आधी भाषा निवडली नाही. भाषेत कोणते गुण हवेत त्यांची यादी केली आणि ती जगभरच्या जाणकारांकडे धाडली. पहिल्या मसुद्याचे नाव ठेवले गवताचा माणूस, म्हणजे आपल्या शेतातले बुजगावणेच. टीका आल्या, दुरुस्त्या झाल्या, मग आला लाकडाचा माणूस. त्याच्यानंतर पत्र्याचा, मग लोखंडाचा आणि शेवटी १९७८ साली पोलादाचा. एकेक मसुदा आधीच्याहून टणक. हाताशी असलेल्या भाषा या कसोटीवर घासून पाहिल्या तेव्हा एकही पूर्ण उतरेना. मग नवी भाषा घडविण्यासाठी चार कंपन्यांना कामे देण्यात आली. परीक्षकांना कंपनीचे नाव कळू नये म्हणून चौघींना रंगांची नावे दिली: हिरवी, तांबडी, निळी आणि पिवळी. पहिल्या फेरीत निळी आणि पिवळी गळाली. तांबडी आणि हिरवी यांची अंतिम झुंज होऊन १९७९ च्या मे महिन्यात हिरवी जिंकली. झां इश्बिया या फ्रेंच तज्ज्ञाच्या हाताखाली ती तयार झाली होती.

तिचे नामकरण झाले अ‍ॅडा. कवी बायरनची मुलगी अ‍ॅडा लव्हलेस हिने १८४३ साली, चार्ल्स बॅबेजच्या कधीच पुऱ्या न झालेल्या यंत्राविषयी टिपणे लिहिताना, यंत्राने करावयाच्या गणिताचे टप्पे मांडून दाखविले होते. त्या बाईच्या सन्मानार्थ हे नाव. भाषेच्या सरकारी मानकाला क्रमांकही दिला तो १८१५, म्हणजे तिच्या जन्माचे वर्ष. बारसे व्हावे तर असे! पुढे अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला, की १९९१ पासून परवडत असेल तेथे संरक्षण खात्याच्या नव्या आज्ञावल्या अ‍ॅडातच लिहिल्या जाव्यात.

आणि निकाल काय लागला? भाषा उत्तम होती, हे तिचे विरोधकही मान्य करीत. आज्ञावली चालू होण्याआधीच चुका पकडण्याची तिची हातोटी मोठी. बोइंग ७७७ या विमानातल्या आज्ञावल्यांचा मोठा भाग अ‍ॅडात लिहिलेला आहे. परंतु सक्तीच्या क्षेत्राबाहेर ती फारशी पसरली नाही. तिचे दुभाषे आरंभी महाग आणि संथ होते. महाविद्यालयांतली पोरे दुसऱ्याच भाषा शिकून बाहेर पडत होती. १९९७ साली संरक्षण खात्याने आपला आग्रह मागे घेतला. जेथे चुकीची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते, अशा विमानांच्या आणि रेल्वेच्या कामांत अ‍ॅडा आजही मानाने नांदते. साऱ्या जगाची राजभाषा होण्याचे मात्र राहून गेले.

हे वाचताना मला वारंवार उस्मानिया विद्यापीठ आठवते. त्या विद्यापीठाचा प्रयोग लहान नव्हता. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस तेथे झाले. १९१७ सालीच त्यासाठी खास भाषांतर कचेरी उघडण्यात आली, पदार्थविज्ञानापासून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणले गेले, हजारो पारिभाषिक शब्द घडविले गेले. विद्वत्तेची उणीव नव्हती, पैशाची तर नव्हतीच. उणीव होती ती एवढीच, की संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलत होती. खेड्यातल्या मराठी पोराला ज्ञानाच्या दारापाशी जाण्याआधी आणखी एक उंबरठा ओलांडावा लागे. म्हणून तर हिप्परग्याच्या आणि आमच्या अंबाजोगाईच्या राष्ट्रीय शाळांतून स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांनी मराठीतून शिकविण्याचे व्रत घेतले. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले. उर्दू काही वाईट भाषा नव्हती. ती गोड आणि संपन्न आहे, आजही आहे. पण भाषेला फर्मान मिळाले म्हणजे तिला माणसे मिळतात असे नाही, एवढे खरे.

आता उलट बाजूचे उदाहरण. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची असे दोन संशोधक होते. त्यांना आपल्या कामापुरती, आटोपशीर अशी एक यंत्रव्यवस्था हवी होती. तिचे नाव युनिक्स. ती लिहिण्यासाठी रिचीने १९७२ च्या सुमारास एक भाषा तयार केली. आधीच्या एका भाषेचे नाव बी होते, म्हणून हिचे नाव सी! बारशाचा थाट एवढाच. १९७३ साली युनिक्स या भाषेत पुन्हा लिहून काढण्यात आली आणि त्यामुळे ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे सोपे झाले. बेलची मालक कंपनी दूरध्वनीच्या धंद्यातली. सरकारशी झालेल्या जुन्या तडजोडीमुळे तिला संगणकाचा व्यापार करण्याची मोकळीक नव्हती, म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र किमतीत मिळाली. विद्यार्थ्यांनी ती उघडून पाहिली, वाचली, मोडली आणि सुधारली. १९७८ साली ब्रायन कर्निगन आणि रिची यांनी सी भाषेवर सव्वादोनशे-अडीचशे पानांचे छोटेखानी पुस्तक लिहिले, त्यावर एक पिढी शिकली. सी ही धोकेबाज भाषा आहे. सुरीला मूठ नसावी तशी, जपून धरली नाही तर हात कापणारी. पण तिच्यासाठी कोणाचा हुकूम लागला नाही. वाचावयाला लिखाण होते आणि लिहिणारे शेजारी होते.

आपल्या पुण्यातही हाच अनुभव आला. परदेशी महासंगणक मिळण्यात अडचणी येऊ लागल्या तेव्हा १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याहून आलेल्या डॉ. विजय भटकरांकडे होते. १९९१ साली तिने परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यात ट्रान्स्प्युटर नावाचे अनेक छोटे गणक एकत्र जुंपलेले होते, जशा मोटेला बैलांच्या जोड्या. या ट्रान्स्प्युटरसाठी त्याच्या कर्त्यांनी ऑकम नावाची खास भाषा बनविली होती. अनेक गणकांकडून एकाच वेळी कामे करून घेण्यासाठी तिची रचना फार नेटकी. परंतु हवामानाची, खनिज तेलाच्या शोधाची आणि विमानांच्या रचनेची गणिते शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवली होती ती फोर्ट्रान आणि सी यांत. ते सारे भांडार टाकून नवी भाषा शिका, असे त्यांना कोण सांगणार? तेव्हा परमवर फोर्ट्रान आणि सी यांचीच सोय करावी लागली. बैल नवे असले तरी चाकोरी जुनीच बरी, हा व्यवहार आहे.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. त्याच्यावरच्या आज्ञावल्या कोणत्या भाषेत लिहिल्या जाव्यात हे गूगल कंपनीला ठरवावयाचे होते. तिने जावा निवडली. ही भाषा सन कंपनीत जेम्स गॉसलिंगने तयार केलेली आणि १९९५ पासून जगापुढे आलेली. ती जाणणारी लक्षावधी माणसे आयती मिळतील, हा हिशेब सरळ होता. परंतु २०१० साली सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली आणि त्याच वर्षी ओरॅकलने गूगलवर खटला भरला, की आमच्या जावाची सुमारे साडेअकरा हजार ओळींची मांडणी तुम्ही विनापरवाना उचलली. अकरा वर्षे हा वाद चालला. शेवटी ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. भाषेला मालक असला म्हणजे काय होते याचा हा धडा होता. दरम्यान २०१७ साली गूगलने कोटलिन या दुसऱ्या भाषेला मान्यता दिली आणि २०१९ साली नव्या कामांसाठी तिलाच अग्रमान दिला. रशियातल्या एका बेटाचे नाव धारण करणारी ही भाषा जावाच्या शेजारी गुण्यागोविंदाने राहते. जुन्या लिखाणाला हात न लावता पुढचे पान कोटलिनमध्ये लिहिता येते. जुने दप्तर जाळावयास न लावणारी निवड लोकांना पचते ती अशी.

जुन्या दप्तराचा विषय निघालाच आहे, तर कोबोलकडे पुन्हा वळले पाहिजे. जागा वाचावी म्हणून त्या काळच्या आज्ञावल्यांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. १९५९ ऐवजी नुसते ५९. शतक संपत आले तेव्हा ध्यानात आले, की ०० म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळणार नाही. अमेरिका आणि युरोपातल्या बँकांचे कोबोलमधले डोंगरभर लिखाण ओळीओळीने तपासावे लागणार होते. तिकडची तरुण पिढी कोबोल विसरली होती. हे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आले, आणि मुंबई-पुण्यातल्या कित्येक तरुणांनी कोबोल शिकून त्यावर आपल्या संसाराचा पाया घातला. १९५९ च्या एका बैठकीत निवडलेल्या भाषेने चाळीस वर्षांनी मराठी घरांत चूल पेटविली. गोष्ट येथेच संपत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, महामारीच्या दिवसांत, बेकारभत्त्याच्या अर्जांनी न्यू जर्सी राज्याची जुनी यंत्रे कोलमडू लागली, तेव्हा तेथल्या गव्हर्नरने कोबोल जाणणाऱ्या माणसांना जाहीर हाक घातली. मोडी वाचणारा जाणकार शोधत कोर्टकचेरीत फिरणारे आपले शेतकरी यापेक्षा निराळे काय करतात?

आता शाळेकडे वळू. शाळकरी मुलांसाठी भाषा निवडण्याचा प्रश्नही जुनाच. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा काढली. गणित-विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. १९८४ साली भारत सरकारने निवडक शाळांतून संगणकशिक्षणाची योजना सुरू केली तेव्हा बीबीसी मायक्रो या यंत्रांबरोबर हीच भाषा आपल्याकडे आली. आपल्या बारावीच्या संगणकशास्त्रात पुढे सी++ आली आणि पुष्कळ वर्षे राहिली. अलीकडे अनेक अभ्यासक्रमांचा ओढा पायथनकडे आहे.

पायथनची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत विरंगुळा म्हणून ती लिहावयास घेतली. शिकवण्यासाठी बनविलेल्या एबीसी नावाच्या भाषेवर त्याने आधी काम केले होते. त्या अनुभवातून कमी चिन्हांची, वाचावयास सोपी अशी ही भाषा घडली. नाव अजगराचे वाटते, पण ते आहे एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमाचे. १९९१ साली ती सर्वांसाठी खुली झाली. तिला ना फर्मान होते ना जाहिरात. शिक्षकांनी घेतली, शास्त्रज्ञांनी घेतली, आणि आज यंत्रबुद्धीच्या नव्या कामांत तिचेच राज्य आहे. तरीही तिच्या कर्त्यांना एकदा जड गेले. २००८ साली त्यांनी तिसरी आवृत्ती काढली ती जुन्या लिखाणाशी न जुळणारी. जग दुसरीवरून तिसरीवर येण्यास इतकी वर्षे लागली, की दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पर्यंत करावा लागला. लोकप्रिय भाषेलाही जुने दप्तर असे सहज सोडवत नाही.

या तिसऱ्या आवृत्तीत आपल्यासाठी एक खास गोष्ट आहे. राशींना नावे देताना देवनागरी अक्षरे चालतात. मघाची काट्यावरची वजाबाकी घ्या. ‘निव्वळ = भरलेली - रिकामी’ ही ओळ पायथन जशीच्या तशी समजून घेते. एवढेच नव्हे, तर मुलाने वजन देवनागरी आकड्यांत टंकून दिले, तरी १२३ म्हणजे किती हे तिला कळते. अर्थात ‘जर’, ‘तोपर्यंत’ अशा अर्थाचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात. पण ते शब्द तीन डझनांच्या आतबाहेर, एका फळ्यावर मावतील एवढेच. मुंबईच्या आय.आय.टी.ने या भाषांचे बोलके पाठ तयार केले आहेत, त्यांतले पुष्कळ मराठीतही ऐकावयास मिळतात.

म्हणून शिक्षकांच्या खोलीत मत विचारले गेले, तर मी पायथनच्या बाजूने हात वर करीन. ती सर्वांत चांगली आहे म्हणून नव्हे. सर्वांत चांगली कदाचित हिरवी असलेली अ‍ॅडा असेल. पायथन फुकट आहे, तिला धनी नाही, तिच्यात वाचावयास अमाप लिखाण आहे आणि अडले तर विचारावयास माणसे आहेत. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी मुले दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि अर्धे वर्ष बुडवून परत येतात. त्यांना पुन्हा पहिल्यापासून अडखळावयास लावील अशी भाषा पंडितांच्या लेखी कितीही थोर असली, तरी आमच्या वर्गाच्या कामाची नाही. सुटलेला धागा मधूनच उचलता येईल, अशीच हवी. आणि मुलांना हेही सांगितले पाहिजे, की ही काही शेवटची भाषा नव्हे. हीदेखील एक दिवस मोडीसारखी होईल, आणि त्या दिवशी आज लिहिलेले वाचणारा कोणीतरी लागेल.

त्यासाठी एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी. प्रत्येक संगणकभाषेत टीप लिहिण्याची एक जागा असते. पायथनमध्ये ओळीच्या आरंभी एक जाळीदार खूण केली, की पुढचे शब्द यंत्र वाचतच नाही. ते केवळ मागून येणाऱ्या माणसासाठी असतात. ही वजाबाकी का केली, हा आकडा कोठून आला, येथे काय जपावे, हे तेथे लिहून ठेवावयाचे. ती टीप कोणत्या भाषेत लिहावी याला कोणाचेही बंधन नाही. तेथे मुलांना खुशाल शुद्ध, सोप्या मराठीत लिहू द्यावे.